याचे किती स्टार?

वाळलेल्या कपड्यांचा ढीग पलंगावर पडला होता. त्यातले मोजे वेगळे काढून मी जमिनीवर ओतले आणि दोन्ही मुलांना म्हटलं, चला, जोड्या लावा. भाचा सुट्टीत आमच्याकडे राहायला आला होता, वय वर्षं पाच. माझी लेक अजून तीनची व्हायची आहे. तिने ढिगातला सगळ्यात मोठा मोजा शोधला, तो कोपरापर्यंत हातात चढवला, बोटांनी त्याला तोंड केलं आणि त्या तोंडातून ती माझ्याशी बोलायला लागली. भाचा मात्र कामाला भिडला. जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर, श्वास जरा जोरात. एक काळा आणि एक गडद निळा मोजा शेजारी शेजारी धरून तो खिडकीपाशी उजेडात घेऊन गेला, निरखून पाहिले आणि "हे भाऊ नाहीत" असं जाहीर करून परत आला. जोडी लागली की गुंडाळी, गुंडाळी झाली की भिंतीलगत ओळीत. मी शेजारी बसून चादरीच्या घड्या घालत होते आणि खोलीत एक छान, कामाची शांतता होती. मग त्याने मान वर केली आणि अगदी व्यवहारी आवाजात विचारलं, "मामी, याचे किती स्टार?"

त्याच्या घरी फ्रिजवर तक्ता आहे, हे मला नंतर कळलं. दात घासले, एक स्टार. खेळणी आवरली, एक स्टार. ठरावीक स्टार झाले की काहीतरी मिळतं. मी म्हटलं, "आमच्याकडे स्टार नसतात रे." त्याने रडारड केली नाही, रुसलाही नाही. हातातला मोजा खाली ठेवला, उठला आणि दुसऱ्या खोलीत निघून गेला. कामाचे पैसे मिळणार नाहीत हे कळल्यावर समजूतदार माणूस जसा उठतो, तसा. लेकीने हातातला मोजा माझ्या तोंडासमोर नाचवत म्हटलं, "मला पण स्टार." स्टार म्हणजे काय हे तिला ठाऊकही नव्हतं. पण ते मिळायची गोष्ट आहे आणि आपल्याला मिळालेली नाही, एवढं तिला बरोबर समजलं होतं.

यात वाईट असं काहीच घडलं नाही. तरी रात्री भांडी लावताना ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं. खिडकीपाशी मोजे निरखणारा मुलगा आणि हिशोब विचारणारा मुलगा, हे दोघे मला एक वाटेनात. पहिल्याला कोणी बोलावलं असतं तरी तो हलला नसता. दुसरा आमच्याकडे भाव काय चाललाय याची चौकशी करत होता. आणि मजा अशी की दुसऱ्याने तोंड उघडताच पहिला नाहीसा झाला.

मानसशास्त्रात या गोष्टीवर एक जुना, गाजलेला प्रयोग आहे. 1973 साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या तिघांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली तीन ते पाच वर्षांची मुलं निवडली. मुळातच स्केचपेनांनी चित्रं काढायला आवडणारी. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना आधी काही न सांगता शेवटी अचानक दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पेनं नुसती ठेवून दिली आणि कोण आपणहून त्यांच्याकडे वळतं ते पाहिलं. बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ तिकडे फिरकली. त्यांनी बोलीवर काढलेली चित्रंही दर्जाला कमी भरली होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं मात्र काही बिघडलं नाही. मला यातला हा भाग जास्त बोलका वाटतो. म्हणजे बक्षीस हाच काही खलनायक नव्हे. घात होतो तो आधी ठरलेल्या सौद्याने.

हे मी नणंदेला फोनवर सांगायला गेले. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वहिनी, तू सकाळी सातला माझ्याकडे ये. त्याला दात घासायला लावून दाखव. मग आपण स्टारवर बोलू." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ताईंचं चुकतंय असं मला आजही वाटत नाही. दात घासायची हौस जन्मजात नसते. औषध घेणं, नखं कापून घेणं, केस विंचरून घेणं, या गोष्टी कुठल्याच मुलाला मनापासून आवडत नाहीत. जिथे गोडी मुळातच नाही, तिथे ती मरणार कशी? तिथे स्टार लावून गाडी पुढे सरकत असेल तर खुशाल लावावेत. प्रयोगातली मुलंही आधीपासून चित्रांची आवड असलेलीच होती, हे विसरून चालत नाही. माझी हरकत आहे ती त्या तक्त्याच्या पसरण्याला. दात घासण्यासाठी आलेला तक्ता हळूच मोज्यांपर्यंत पोचतो, झाडांना पाणी घालण्यापर्यंत पोचतो, लहान बहिणीला पाण्याचा पेला नेऊन देण्यापर्यंत पोचतो. जे फुकटात, आनंदाने चाललेलं असतं त्यालाच आपण दर लावून बसतो.

आणि ते खरंच फुकटात चाललेलं असतं. फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली दीड वर्षाच्या बाळांसमोर काही साधे प्रसंग उभे केले. एक अनोळखी माणूस कपडे वाळत घालतोय, त्याच्या हातून चिमटा खाली पडतो, हात पोचत नाही. किंवा दोन्ही हात भरलेले आहेत आणि कपाटाचं दार बंद आहे. बहुतेक बाळं कधी ना कधी मदतीला आली. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी शाबासकी कबूल केली नव्हती. माणसाने चिमटा मुद्दाम फेकला तर मात्र ती उचलायला जात नव्हती, म्हणजे हा पडलेली वस्तू उचलण्याचा खेळ नव्हता. समोरच्याला काय हवंय ते त्यांना कळत होतं. दोन वर्षांनी त्याच दोघांनी वीस महिन्यांच्या बाळांवर पुढचा प्रयोग केला. मदतीबद्दल ज्यांना वस्तू मिळाली, त्यांची मदत पुढे घटली. ज्यांचं तोंडी कौतुक झालं किंवा ज्यांना काहीच मिळालं नाही, ती पहिल्यासारखीच धावत राहिली.

वीस महिने. त्या वयात मूल धड वाक्य बोलत नाही.

हे वाचताना मला आठवत राहिला तो टॉर्च. वडील घरात काहीतरी दुरुस्त करायला काढायचे, पंखा, रेडिओ, नळ, आणि हाक यायची, "टॉर्च धर." ज्यांनी लहानपणी असा टॉर्च धरलाय त्यांना पुढचं सांगायला नको. "इकडे धर. इकडे म्हणजे तिकडे नाही. माझ्या डोळ्यांत नको, अगं, स्क्रूवर." हात भरून यायचा, लक्ष पालीकडे जायचं, उजेड हलायचा, परत ओरडा. मधूनच माझ्या दुसऱ्या तळहातावर स्क्रू यायचे. चार बारके, एक लांब. ते घामाने ओले व्हायचे आणि हाताला लोखंडाचा वास लागायचा, जो साबणाने धुतला तरी थोडा उरायचा. तो वास मी नंतर मुद्दाम हुंगत बसायचे. टॉर्च धरण्यात गंमत होती असं मी म्हणणार नाही, बऱ्याचदा डोळ्यांत पाणी यायचं. पण वडिलांना तिसरा हात हवा होता आणि तो मी होते, यात मला तिळमात्र शंका नव्हती. माझ्यासाठी म्हणून त्यांनी काही मुद्दाम बिघडवलं नव्हतं. पंखा खरोखर बंद होता आणि मी गेले असते तर उजेडही गेला असता.

आता आपण मुलांसाठी 'ॲक्टिव्हिटी' करतो. मीही करते. रंगीत कागद कापून ठेवते, डाळींचे डबे काढते, फोनवर कुणीतरी पाठवलेली 'मुलांना गुंतवून ठेवण्याच्या युक्त्या' अशी यादी असते. ती सगळी तयारी करायला मला अर्धा तास लागतो, लेक त्यात जेमतेम पाच मिनिटं रमते, आणि आवरायला पुन्हा वेळ जातो तो वेगळाच. त्याच वेळी मी कपाट आवरायला घेतलं की ती खेळण्यांची टोपली ओलांडून माझ्या पायात येते. खेळण्यातला झाडू कोपऱ्यात पडलेला असतो आणि तिला खरा हवा असतो. मुलांना रमवणं हे माझं काम आहे आणि घरकाम ती झोपल्यावर करायचं, असं आपण कधी ठरवलं कोणास ठाऊक. या व्यवस्थेत आईबाप दोन पाळ्यांत राबतात आणि मुलाच्या वाट्याला घराचं खरं काम येतच नाही, ते सगळं त्याच्या झोपेत उरकलेलं असतं. सकाळी उठून त्याला वाटत असेल, घड्या घातलेले कपडे कपाटात आपोआप उगवतात.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात निदान 180 मिनिटं हालचाल करावी, दोन ते चार वर्षांच्यांनी पडद्यासमोर बसून एका तासापेक्षा जास्त वेळ घालवू नये आणि त्याहून लहानांना पडदा नकोच, तीन-चार वर्षांच्यांना 10 ते 13 तास झोप मिळावी, वगैरे. 180 मिनिटं हा आकडा पहिल्यांदा वाचला की पोटात गोळा येतो. तीन तास हिला कुठे पळवू? पण ती हालचाल तुकड्यातुकड्यांत, दिवसभर पसरलेली चालते आणि हलकीफुलकीही चालते. टबातले ओले कपडे एकेक करून हातात देणं म्हणजे खाली वाकणं, उठणं, पिळणं, चवड्यांवर उभं राहणं. चिमटा दाबणं हा तर बोटांचा नामी व्यायाम. लेक दोन्ही हातांनी चिमटा धरते, अंगठे पांढरे पडेपर्यंत दाबते आणि तो निसटून लांब उडाला की इतकी हसते की काम तिथेच थांबतं.

पाण्याचंही तसंच. झाडांना पाणी घालायला तिला मी एक छोटा मग देते. कुंडीपर्यंत पोचेतो निम्मं पाणी वाटेत सांडतं, उरलेल्यातलं निम्मं पायांवर. पण मधेच ती थांबते आणि या मगातून त्या बाटलीत, बाटलीतून वाडग्यात ओतत बसते. अरुंद बाटलीत पाणी उंच चढलं की "जास्त झालं!" आणि वाडग्यात पसरलं की चेहरा उतरतो, "कमी झालं." पाणी तेवढंच आहे हे मी तिला समजावायला जात नाही. मुलं विचार कसा करतात याचा अभ्यास करणाऱ्या जाँ पियाजेने मुलांना हेच पाणी या पेल्यातून त्या पेल्यात ओतून दाखवत प्रश्न विचारले होते आणि साधारण सहा-सात वर्षांपर्यंत मुलांना उंच दिसणारं पाणी जास्तच वाटतं हे नोंदवून ठेवलं होतं. ते समजावून समजत नाही. ओतून ओतून कधीतरी समजतं. मी फक्त काम संपलं की बादली रिकामी करून पालथी घालते, न चुकता. लहान मुलाचं नाकतोंड बुडेल एवढं पाणी, म्हणजे अगदी चार-पाच सेंटिमीटरसुद्धा, जिवावर बेतू शकतं. पाण्यापाशी ती असेल तर मी हाताच्या अंतरावर असते आणि फोन घरात असतो. या एका बाबतीत माझ्याकडे लाड नाहीत.

आता कबूल करायला हरकत नाही की लहान मुलाच्या मदतीने काम दुप्पट लांबतं आणि पसारा वाढतो. 'मुलांना कामात घ्या' असं लिहिणारे लोक हे हळूच गाळतात. म्हणून मी वेळ बघते. बाहेर पडायच्या घाईत, सगळे भुकेले असताना किंवा मीच वैतागलेली असताना हिला कामात घेण्यात अर्थ नसतो. तेव्हा बूटही मीच चढवते आणि तिचं "मी, मी" ऐकून न ऐकल्यासारखं करते. दुपारी उन्हं उतरल्यावर जो एक ढिला वेळ असतो, तो कपड्यांचा. रोज तोच, शक्यतो त्याच जागी. मुलांना तेच ते करायचा कंटाळा येत नाही, आपल्याला येतो. "दोन मिनिटांत आवरायचं हं" हे तिच्या कानांवरून जातं, कारण मिनिट तिने अजून पाहिलेलं नाही. "हे तीन मोजे झाले की आवरायचं" हे मात्र कळतं, मोजे समोर दिसत असतात. आणि तिने घातलेली घडी मी तिच्यादेखत उलगडून नीट करत नाही. हे मला सर्वांत जड जातं. तिचा रुमाल म्हणजे चुरगळलेला गोळा असतो, आणि तो तसाच कपाटात जातो. नवऱ्याने एकदा ऑफिसात खिशातून तो काढला आणि नाकाला लावायच्या आत त्याचा मोजा निघाला.

कौतुकाचं काय करायचं, यावर घरात बरीच चर्चा झाली. दर चिमट्याला "व्वा! शाब्बास! किती हुशार!" असा गजर केला की तोही स्टारचाच धाकटा भाऊ होतो, असं मला वाटायचं. वीस महिन्यांच्या बाळांचं तोंडी कौतुकाने काही बिघडलं नव्हतं, तेव्हा फार काटेकोर व्हायचं कारण नाही. पण मी आता मोठ्या माणसाला म्हणेन तेवढंच म्हणते. "बरं झालं तू चिमटे दिलेस, माझे हात ओले होते." कधी नुसतंच "झाले की सगळे." ती त्यावर खूष असते. खरं तर बऱ्याचदा तिचं माझ्याकडे लक्षच नसतं.

त्या मोज्यांच्या दुपारी दोघं मुलं शेजारी बसून आपापल्या मोज्यांशी खेळत होती, एकमेकांशी एक अक्षर न बोलता. मिल्ड्रेड पार्टेन या संशोधिकेने 1932 मध्ये बालवाडीतल्या मुलांचं निरीक्षण करून अशा खेळाला समांतर खेळ म्हटलं. एकत्र नव्हे, पण शेजारी. या वयात ते अगदी स्वाभाविक असतं. आपण मात्र "एकत्र खेळा, शेअर करा" म्हणत मधे पडतो. कामाच्या वेळी मीही त्यांची तशीच शेजारीण असते. मी चादर, तो मोजे, ती मोज्याची बाहुली. कोणी कोणाला रमवत नसतं. फॅमिली टाइम म्हणून जे काही असतं ते याहून वेगळं काय असणार, मला कल्पना नाही.

भाचा अजून काही दिवस होता. मी स्टारचा विषय काढला नाही, त्यानेही काढला नाही. एकदा मी वर ठेवलेली पिशवी काढताना ती निसटली आणि तिच्यातली बटणं घरभर उडाली. मी काही बोलायच्या आत तो पलंगाखाली शिरला होता. आतून आवाज आला, "मामी, टॉर्च आण." मी टॉर्च धरला. "इकडे नाही," तो म्हणाला, "भिंतीकडे धर." लेकीला मी कडेवर घेऊन ठेवलं होतं, कारण बटण दिसलं की तिच्या तोंडात जातं. त्यावर तिने जो आरडाओरडा केला तो शेजाऱ्यांनीही ऐकला असेल.

सध्या आमच्याकडे गाडी झाडूवर अडली आहे. लेकीला केर काढायचाय आणि तोही आमच्याच लांब दांड्याच्या झाडूने. मारिया माँटेसरीने 1907 मध्ये रोममधल्या सान लोरेन्झो वस्तीत मुलांचं घर उघडलं, तेव्हा तिथल्या मुलांना पेलतील अशा हलक्या खुर्च्या आणि टेबलं तिने मुद्दाम करून घेतली होती. मुलाला खरं काम द्यायचं तर हत्यार त्याच्या मापाचं हवं, हे तिचं म्हणणं मला तंतोतंत पटतं. म्हणून मी म्हणते, दांडा कापून अर्धा करूया. नवरा म्हणतो, मग आपण काय रांगत केर काढायचा? नवीन छोटा झाडू आणला तर तो तिला खेळण्यातला वाटणार आणि ती त्याच्याकडे ढुंकून बघणार नाही, याबद्दल मात्र आमचं एकमत आहे. तोवर ती दांडा मधोमध धरते. पुढचं टोक जमिनीवरून फिरतं, मागचं टोक आम्ही चुकवतो.